तांदळात लिहिलेलं नाव

“बायकांचं नामांतर तर आमी दर लग्नसराईत करतो. त्याला कुठं मोर्चा लागतो का?”

शोभाचे मामा बाजेवर बसून हे बोलले आणि त्यांनी अडकित्त्यात सुपारी कातरली. बाजेवरचे दोघं-तिघं मोठ्यानं हसले. मांडवाच्या दुसऱ्या कडेला मी ज्वारीला रंग लावत बसले होते. आमच्या भागात अक्षता ज्वारीच्या असतात. सुपात ज्वारी घ्यायची, वर कुंकवाचं पाणी शिंपडायचं आणि दाणा न् दाणा लाल होईपर्यंत दोन्ही हातांनी वरखाली करत राहायचं. नवरीनं कामाला हात लावायचा नसतो, म्हणून शोभा माझ्या शेजारी हळदीचे हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. उन्हात हळदीच्या अंगाला एक कडवट, ओलसर वास येतो, तो तिला येत होता.

मामांचं बोलणं विद्यापीठाच्या नावावरून निघालं होतं. त्या वर्षांत आमच्याकडे चार माणसं कुठंही टेकली, रेल्वेच्या डब्यात, रसवंतीवर, न्हाव्याच्या दुकानात, की बोलणं फिरून तिथंच यायचं. अशा वेळी मी काय करते ते शोभाला माहीत होतं. मी खाली बघते, हातातलं काम सोडत नाही आणि मराठी नीट कळत नसल्यासारखा चेहरा करते. इंग्रजी शाळेत शिकल्याचा एवढा एक फायदा मी पुष्कळ वर्षं घेतला.

शोभानं सुपाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. “मामा मनानं वाईट न्हाईत गं,” ती हळूच म्हणाली. “तोंड तेवढं मोकळं हाय.”

मी मान हलवली. मला मामांचा राग आला होता. त्याहून जास्त राग याचा आला होता, की त्यांच्या बोलण्यातलं अर्धं खरं होतं.

आता पुन्हा लग्नसराई आली आहे. पूर्ण्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरसमोरून दिवसाला दोन-तीन वऱ्हाडं जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीनं बसलेल्या बायका, उन्हासाठी डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेले पदर, मागच्या फळीला धरून उभे राहिलेले पुरुष. कुठून तरी बुंदी तळल्याचा वास येतो, कुठून तरी भोंग्यातून सनई, आणि मधेच वीज गेली की सनई गळा दाबल्यासारखी थांबते. दुपारच्या पॅसेंजरमध्ये एखादी नवी नवरी असतेच. मी तिची मेंदी बघत नाही. कुणी हाक मारली की ती किती उशिरा वळते, ते बघते. नवं नाव अंगवळणी पडेपर्यंत मुली क्षणभर उशिरा वळतात.

माझ्यापुढे एक कोरा कागद आहे. आमच्या बी.एड.च्या बाई जूनपासून मुलींचं एक मंडळ सुरू करणार आहेत. त्याला नाव सुचवायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं, बहुतेक मी वर्गात कधी बोलत नाही म्हणून. बऱ्याच जणींना ‘समता मंडळ’ हवं आहे. ‘म्हणजे कुणाला बोचायला नको,’ असं एक जण म्हणाली. मी कागदावर ‘स्त्रीवादी अभ्यास मंडळ’ असं लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं. हा शब्द माझा आहे, की मी तो दुसऱ्या कुणाच्या घरून उचलून आणला आहे, ते ठरत नाही. ते ठरवायला बसले की मला गेल्या वर्षीचा वैशाख आठवतो आणि एक स्टीलचं ताट आठवतं.

तो शब्द मला सिकंदराबादला भेटला. बाबा रेल्वेत गार्ड. दहावीपर्यंत मी तिथल्या इंग्रजी शाळेत होते. शाळेच्या वाचनालयात करड्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक होतं. त्यात लांब झगे घातलेल्या, टोप्या घातलेल्या बायकांचे फोटो होते. मताच्या हक्कासाठी त्या थंडीत रस्त्यावर उभ्या होत्या. मी ते पुस्तक तीनदा घरी आणलं. त्या बायकांच्या रांगेत मनातल्या मनात मीही जाऊन उभी राहायची. तो शब्द मला एवढा का आवडला, ते आता कळतं. त्या रांगेत मला कुणी आडनाव विचारलं नव्हतं.

मग बाबांची बदली पूर्ण्याला झाली आणि मी परभणीच्या कॉलेजात जाऊ लागले. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. माझं मराठी पुस्तकी होतं. वर्गातल्या मुली ‘मॅडम आल्या’ म्हणून सरकून जागा द्यायच्या आणि मग आपसांत हसायच्या. शोभा तेवढी सरकली नाही. “बस की इथंच,” म्हणाली, “मी काय चावायले का?” ती गंगाखेडच्या बाजूची, उसाच्या पट्ट्यातली, पाटलांच्या घरची. परभणीला हॉस्टेलवर राहायची. तिसऱ्या दिवशी मी तिला माझं पूर्ण नाव सांगितलं. तिनं ऐकलं, डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या पोळीवर ठेवली आणि म्हणाली, “बरं. आता जेव.”

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला समाजशास्त्राच्या पेपरात ‘टिपा लिहा’मध्ये स्त्रीवाद यायची शक्यता होती. स्टेशनवर गाडीची वाट बघत मी तिला तो शब्द समजावून सांगत होते.

“म्हंजे बाईला माणसासारखं वागवा, एवढंच ना?” शोभानं विचारलं.

“एवढंच.”

“मग एवढं सांगायला बाईचं नाव कशाला लावायचं? समानता म्हणायचं. आमच्या दादापुढं समानता म्हटलं तर तो मान डोलावतो. स्त्री म्हटलं की उठून जातो.”

तेवढ्यात गाडी आली आणि मी सुटले.

उत्तर तसं माझ्या घरातच होतं. पण तिथं दोन उत्तरं होती आणि ती एकमेकांशी भांडत होती.

आमचं घर बौद्ध. आईची मोठी बहीण, माझी मावशी, आमच्याकडेच राहते. नामांतराच्या पहिल्या दंगलीत तिचं गावाकडचं घर जळालं. मी तेव्हा पहिलीत होते. ती आमच्या दारात आली तेव्हा तिच्याजवळ एक पितळी तांब्या होता आणि अंगावरचं लुगडं. तांब्याच्या एका बाजूचा रंग काळपट निळा झाला होता. तो तिनं आजवर चिंचेनं घासला नाही. ते गाव कुठलं, ते मी अजूनही कुणाला सांगत नाही. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, आणि पुढच्या प्रश्नाआधी गप्प होणं मी त्या वयातच शिकले.

मावशीला मी एकदा त्या करड्या पुस्तकातल्या बायकांबद्दल सांगितलं. ती गव्हाच्या कुरड्या घालत होती. साच्यातून पडणाऱ्या धारेवरची नजर न हलवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

“त्या बायांला घराच्या भाईर पडायचं हुतं,” ती म्हणाली. “आमी आत कदी हुतो? दिस उगवायच्या आदी रानात. पाटलीनबाई आन मी एकाच रानात असायचो. ती बांधावर, मी सरीत. ती बी बाईच की. तिला बी नवऱ्यानं मारल्यालं मी बघितलंय, लुगड्याच्या पदरानं डोळं पुसत बसायची. मला लय वाईट वाटायचं. पर तिची घागर आन माजी घागर एका पाणवठ्यावर कदी भरली का? मग ह्यो तुजा शबुद तिचा का माजा?”

त्या शब्दाविषयी इतका नेमका प्रश्न मला पुढे कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

दुसरं उत्तर बाबांचं. ड्युटीवरून आले की ते गणवेशाचा पांढरा कोट खुंटीला टांगतात आणि बनियनवर ओट्यावर बसतात. एकदा त्यांच्याबरोबरचे एक गृहस्थ चहाला आले होते. चांगला माणूस, भांडण मिटावं असं मनापासून वाटणारा. ते म्हणाले, “गार्डसाहेब, कुणाचंच नाव नको. समता विद्यापीठ म्हणा, ज्ञान विद्यापीठ म्हणा. सगळ्यांनाच चालंल.”

बाबा जरा वेळ बशीत फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, “ज्यांना आत घेतलं नव्हतं, त्यांचंच नाव दारावर पाहिजे. न्हाईतर आतले उद्या म्हणतील, दार कधी बंदच नव्हतं.”

मी आतल्या खोलीत होते. मला वाटलं, शोभाला हेच सांगायला हवं होतं. समानता हा शब्द चांगला आहे, धुतलेल्या पाटीसारखा. पण आधी कुणाचं काय पुसलं गेलं, ते त्याच्याकडे पाहून कळत नाही. स्त्री हा शब्द दादाला बोचतो तो त्यामुळेच.

आणि लगेच मावशी आठवली. दारावर स्त्री असं लिहिलं, तरी त्या दारातून आधी पाटलीनबाई जाणार आणि मावशी ओट्यावर बसून राहणार, असं तर होणार नाही?

या संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. जुनं पुसलं नाही, नवं त्याला जोडून आलं. मावशीनं तिळाच्या लाडवावर पेढा ठेवून खाल्ला आणि खाता खाता रडली. बाबा म्हणाले, “एका पाटीवर दोन मावतात की. एवढ्यासाठी एवढी वर्षं.” पण हे आत्ताचं झालं. मी सांगत होते ते गेल्या वैशाखातलं.

परीक्षा संपली त्याच आठवड्यात शोभाचं लग्न ठरलं. मुलगा जिंतूर तालुक्यातला, चारठाण्याजवळच्या एका गावचा. नाव भास्कर. जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. बघायला आला तेव्हा त्यानं दोनच प्रश्न विचारले म्हणे. एक कुठल्या विषयात बी.ए. आणि दुसरा, पाणी मिळेल का. शोभाला तो आवडला होता. अडलं ते एका गोष्टीवर. लग्नात नवं नाव ठेवणार होते आणि पत्रिका बघून ‘र’ अक्षर निघालं होतं.

“मला दुसरं काईच नको,” हॉस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढता काढता ती म्हणाली. “सासरी शेण काढंन, भाकरी थापीन, नोकरी कर म्हटले तर करंन. पण नाव माझंच पायजे. तू पत्र लिहून दे मला. तुला शब्द येतात.”

मी साडेतीन पानं लिहिली. त्यात हक्क होता, समानता होती, व्यक्तिमत्त्व होतं, आणि तिसऱ्या पानावर स्त्रीवादही होता. शोभानं सगळं नीट वाचलं.

“विशाखा,” ती म्हणाली, “हे वाचून ते नाव न्हाई, नवरीच बदलतील.”

आम्ही दोघी इतक्या हसलो की खालून रेक्टरबाई ओरडल्या. मग शोभानं माझ्या चौथ्या पानाच्या उरलेल्या कोऱ्या अर्ध्यावर, माझ्याच पेनानं, दोन ओळी लिहिल्या. ‘माझं नाव शोभाच राहू द्या. हाक मारली की मला कळलं पाहिजे, आपल्यालाच मारली.’ त्या ओळी फाडून तिनं भास्करच्या नावाच्या पाकिटात घातल्या. माझी साडेतीन पानं तशीच राहिली.

“तू जे केलंस ना,” मी म्हणाले, “त्यालाच तो शब्द आहे.”

“असू दे. मी न्हाई म्हणणार तसं. मला भांडण न्हाई करायचं, मला माझं नाव पायजे.”

उत्तर आलं नाही. लग्नाच्या दिवसापर्यंत पोस्टमन येताना दिसला की शोभा दारात जाऊन उभी राहायची.

लग्नात नवरीबरोबर सासरी जायला एक पाठराखीण लागते. शोभाची चुलतबहीण जाणार होती, पण तिला ऊन लागलं आणि ती ओकून ओकून निपचित पडली. “विशाखा येईल,” शोभा म्हणाली. तिच्या आईनं माझ्याकडे बघितलं. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. पूर्ण्याच्या गार्डसाहेबांची मुलगी, इंग्रजी शाळेतली, एवढंच माहीत होतं. मामा म्हणाले, “जाऊ द्या की. वजन पडंल सासरी.”

मी गेले. जाताना मला मावशीचं बोलणं आठवत होतं. लग्नाला निघताना तिनं माझ्या पिशवीत लिंबं घातली होती आणि म्हटलं होतं, “जायलीस तर जा. पर नाव सांगून जेव. चोरून जेवल्यालं अंगी लागत न्हाई.”

वऱ्हाडाच्या ट्रकमधून उतरलो तेव्हा सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. दारावरचं माप शोभानं पायानं लवंडलं, ज्वारी उंबऱ्याआत सांडली, आणि आम्ही घरात आलो. आत गारवा होता. मांडणीवर नवी भांडी लावलेली होती. ताट, वाट्या, दोन डबे, एक कळशी. सुनेसाठी म्हणून जिंतूरच्या बाजारातून आणलेली. नाव घालणाऱ्यानं प्रत्येकावर बारीक टिंबाटिंबांनी कोरलं होतं. सौ. राजश्री भास्कर.

लग्नाआधीच नाव कोरून घेतलं होतं. पत्र पोचलं नसावं, किंवा पोचून काही झालं नसावं. शोभानं ताट हातात घेतलं, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “अक्षर चांगलं हाय.” तिनं ते ताट जागेवर ठेवलं आणि पदर नीट केला. आजवर मी तिला एवढं शहाण्यासारखं वागताना पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना. त्या ताटात पुढे मी जेवलेही आहे. पण त्या सकाळी मला त्याच्याकडे पाहावत नव्हतं.

शोभाच्या सासूबाईंनी मला पाणी दिलं. उंच, हाडापेरानं मजबूत बाई; हातावर गोंदलेलं.

“तुजं नाव काय गं?”

“विशाखा.”

“नक्षत्रावरचं ठेवलं वाटतं. चांगलं हाय. आन आडनाव? कुणापैकी तुमी?”

तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं आणि त्या धावल्या. आमच्या घरात हे नाव नक्षत्रावरून आलेलं नाही. बुद्धाच्या काळातल्या एका उपासिकेचं ते नाव, म्हणून बाबांनी ते ठेवलं. मी दुधाचे उपकार मानले.

दुपारी सासूबाई त्या ताटासाठी तांदूळ निवडायला बसल्या. अक्षता ज्वारीच्या चालतात, पण नाव लिहायला तांदूळच लागतात. मी पलीकडून खडे काढायला लागले. बाहेर कडक ऊन होतं, बैलांच्या अंगावर माश्या घोंगावत होत्या, आणि शोभा आतल्या खोलीत भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

“माज्या बी टायमाला असंच,” सासूबाई म्हणाल्या. “म्हायेरचं माजं नाव ठकू. हितं पार्वती झाले.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “तुम्हाला विचारलं होतं का?”

“काय?”

“नाव बदलताना.”

त्या हसल्या. “इच्यारत्यात व्हय? ह्यांनी तांदळात लिवलं. आमच्या घरची रीत अशी हाय, नाव पाठराखणीनं वाचायचं. तिनं वाचलं म्हंजे म्हायेरानं मान्य केलं. माजी चुलतबहीण आल्ती, दोन वर्सं शाळेत गेल्याली. ती पार्वती म्हणाली, मी मुंडी हलवली. मला वाचाया कुठं येत हुतं? खरं काय लिवलं हुतं, मला आजवर ठावं न्हाई. वाचणारीनं सांगितलं ते माजं नाव.”

त्यांनी एक खडा काढून अंगणात भिरकावला.

“आता ठकू म्हणणारं कुणी ऱ्हायलं न्हाई. भाऊ हुता, तो बी गेला. कुणी हाक मारलीच ठकू म्हणून, तर मी वळून बघंन का न्हाई, काय सांगावं.”

मला करड्या पुस्तकातल्या बायका आठवल्या नाहीत. मावशीचा काळपट निळा तांब्या आठवला. का, ते मला नीट सांगता येणार नाही. या बाई बांधावरच्या, मावशी सरीतली. तरी हातातले तांदूळ मला जरा वेळ दिसेनासे झाले.

ऊन उतरल्यावर पूजा झाली. देवघरासमोर पाट मांडले. ओसरीवर पुरुष बसले होते, दारात पोरं. शोभा आणि भास्कर शेजारी शेजारी. मी शोभाच्या मागं, जरा बाजूला. ताट पुढं ठेवलं, तांदूळ पसरले. भास्करनं अंगठी धरली आणि खाली वाकून लिहायला लागला. त्याच्या मानेवर घाम होता. लिहून झाल्यावर त्यानं ताट माझ्याकडे सरकवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

“वाच गं,” सासूबाई म्हणाल्या. “मोठ्यानं. ओसरीवर गेलं पायजे.”

मी ताट उचललं. काठावर टिंबाटिंबांचं राजश्री होतं. तांदळात, फळ्यावर लिहावं तसं गोल, पूर्ण अक्षर काढून लिहिलं होतं, शोभा.

म्हणजे पत्र पोचलं होतं. त्यानं त्याचं उत्तर त्याला जमलं तिथं दिलं होतं. आणि आता तो पाटाकडे बघत गप्प बसला होता. लिहायचं धैर्य त्याला झालं होतं, बोलायचं झालं नव्हतं. मी काठावरचं नाव वाचलं असतं तरी चाललं असतं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. साखर वाटली असती, तांदूळ शोभाच्या ओटीत गेले असते. पुढे कधीतरी भास्कर म्हणाला असता, मी लिहिलं होतं. शोभा म्हणाली असती, मी बघितलं होतं. आणि ती जन्मभर राजश्री या हाकेला वळत राहिली असती. मला कुणी काही विचारलं नसतं. संध्याकाळच्या एस.टी.नं मी अर्ध्या नावाची आले तशी परत गेले असते.

शोभाची मान खाली होती, पण डोळे ताटात होते. तिनंही वाचलं होतं.

नुसतं करून भागत असेल तर शब्द कशाला, असंच शोभाला गच्चीवर म्हणायचं होतं. मी आज त्या कोऱ्या कागदापुढे बसून तेच विचारते, आणि मला दर वेळी ते ताट दिसतं. समोर केलेली गोष्ट होती. स्वच्छ, सुंदर अक्षरात. आणि कुणी नाव घेतलं नाही तर ती एका हलक्या धक्क्यानं पुसली जाणार होती.

“शोभा,” मी वाचलं. सासूबाईंनी कान पुढं केला.

“काय?”

“शोभा. तांदळात शोभा लिहिलं आहे.”

ओसरीवरची माणसं आत वळून बघू लागली. दारातून कुणी तरी म्हणालं, “मग ते भांड्यावरचं?”

तेव्हा भास्करनं मान वर केली. “ते भांड्यावर राहू द्या, आई. मी शोभाच लिहिलंय.”

सासूबाई ताटावर वाकल्या. वाचता न येणारी ती अक्षरं त्या बराच वेळ बघत राहिल्या. बोट अगदी जवळ नेलं, पण तांदळाला लावलं नाही. “शोभा,” त्यांनी म्हणून बघितलं. पुन्हा एकदा म्हटलं. “हाक माराया सोपं हाय.”

त्या हसल्या नाहीत. पदरानं कपाळ पुसलं आणि माझ्याकडे वळल्या. “आन तुजं गं? सकाळी निम्मंच सांगितलंस. पुरं नाव काय तुजं?”

पाटावरून शोभाचा पाय मागं सरकला आणि माझ्या पायावर टेकला. मी ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “विशाखा दामोदर वाव्हळे. आणि काकू, हे नाव नक्षत्रावरचं नाही.”